लढाईत हात गेला, पुढे काय? सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या जायबंदी सैनिकांची पेन्शन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि तिथलं पार्लमेंट यांच्यात १६४२ साली गृहयुद्ध जुंपलं आणि १६४९ साली राजाचं मुंडकं उडालं, इतपत इतिहास बहुतेकांच्या कानावरून गेलेला असतो. त्या युद्धात ज्यांचे हात-पाय-डोळे गेले, ते घरी परतल्यावर कशावर जगले, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही. खरं तर त्याची कागदपत्रं ढिगाने आहेत. हे लोक अर्ज करत, आणि ते अर्ज दप्तरात राहिले. खालची उत्तरं मुख्यतः इंग्लंड आणि वेल्सबद्दल, साधारण १५९० ते १७०० या काळातली आहेत.

जायबंदी सैनिकाला पेन्शन देण्याचा कायदा तेव्हा होता का?

होता. राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळात, १५९३ साली पार्लमेंटने सैनिक आणि खलाशांच्या मदतीचा कायदा केला. पुढे १६०१ साली तो सुधारून पुन्हा केला गेला. प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावकऱ्यांनी, दर आठवड्याला ठरावीक पट्टी भरायची. ती कॉन्स्टेबलमार्फत काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, खजिनदाराकडे जायची आणि त्यातून जखमी सैनिकांना पेन्शन द्यायची, अशी व्यवस्था होती. युरोपात त्या काळी दानधर्म भरपूर होता, राजाची मेहेरबानीही होती. पण देशभर लागू असलेल्या कायद्याने, कराच्या पैशातून साध्या शिपायाला पेन्शन द्यायची, हे नवीन होतं.

कायदा झाला म्हणजे हक्क मिळाला असं मात्र समजू नका. कोणाला द्यायचं, किती द्यायचं, किती दिवस द्यायचं हे सगळं स्थानिक न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडलेलं होतं. त्यामुळे कायद्यात नाव असूनही सैनिकाला हात जोडूनच उभं राहावं लागे.

एलिझाबेथ राणीला एकदम दया कशी आली?

दया थोडी, भीती जास्त. १५८८ साली स्पेनचं आरमार परतवून लावलं म्हणून इंग्लंडमध्ये आनंदीआनंद चालू होता, तेव्हा परतलेले खलाशी मार्गेटच्या रस्त्यांवर आजाराने आणि उपासमारीने मरत होते. आरमारप्रमुख लॉर्ड हॉवर्डने लंडनला कळवळून पत्रं लिहिली, कारण पगार थकलेले होते. पुढच्याच वर्षी पोर्तुगालवरची मोहीम फसली आणि तिथून परतलेले, पैसे न मिळालेले शेकडो शिपाई लंडनच्या आसपास जमले. जत्रा लुटतील या धास्तीने सरकारने बंदोबस्त लावला.

दुसरं कारण जुनं आहे. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या काळात मठ बंद केले. तोवर लुळ्यापांगळ्या माणसाला मठाच्या दारात निदान एक वेळचं अन्न मिळे. ते दारच बंद झालं. लेस्टरच्या अर्लने १५७१ साली वॉरिकला म्हाताऱ्या शिपायांसाठी एक आश्रयस्थान काढलं होतं, पण अशा ठिकाणी मूठभर माणसांची सोय होणार.

पेन्शन किती मिळायची?

कायद्याने घातलेली कमाल मर्यादा अशी: साध्या शिपायाला वर्षाला १० पौंड, लेफ्टनंटच्या खालच्या हुद्देदाराला १५, लेफ्टनंटला २०. प्रत्यक्षात साध्या शिपायाच्या पदरात वर्षाला एक ते चार पौंड पडत. ४० शिलिंग, म्हणजे दोन पौंड, हा आकडा वारंवार दिसतो.

हे पैसे किती होते ते शिपायाच्याच पगाराने मोजू. एका पौंडात २० शिलिंग आणि एका शिलिंगात १२ पेन्स. १६४५ साली उभ्या राहिलेल्या पार्लमेंटच्या न्यू मॉडेल आर्मीत पायदळाच्या शिपायाला रोज ८ पेन्स मिळत. म्हणजे ४० शिलिंग म्हणजे बरोबर ६० दिवसांचा पगार. उरलेले तीनशेपाच दिवस काय खायचं, ते कायद्यात नव्हतं.

हात आखडता घेण्यामागे कारणही होतं. १६०१च्या कायद्याप्रमाणे एका पॅरिशकडून आठवड्याला जास्तीत जास्त १० पेन्स घेता येत. वर्षाचे झाले ५२० पेन्स, म्हणजे ४३ शिलिंग ४ पेन्स. एका अख्ख्या पॅरिशची सगळ्यात मोठी पट्टी एका माणसाच्या ४० शिलिंगांत संपली! कोणाला पुरे १० पौंड द्यायचे तर जवळजवळ पाच पॅरिश त्याच्या एकट्याच्या नावावर लावाव्या लागल्या असत्या. गृहयुद्धानंतर जखमींची रांग लागली तेव्हा हा हिशेब कोलमडणारच होता.

अर्ज कुठे आणि कसा करायचा?

प्रत्येक काउंटीत वर्षातून चार वेळा न्यायसभा भरे, तिला क्वार्टर सेशन्स म्हणत. तिथे न्यायाला बसत ते जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे त्या भागातले जमीनदार. पगारी न्यायाधीश नव्हेत, पण चोरीचे खटले, रस्ते, पूल, दारूचे परवाने आणि सैनिकांच्या पेन्शनी हे सगळं त्यांच्यापुढे येई. सभा दरवेळी एकाच गावी भरेल असंही नाही. चेशायरमध्ये ती कधी चेस्टरला, कधी नट्सफर्डला, कधी नँटविचला. ज्याचा पाय गुडघ्याखाली गेलाय त्याने कुबड्या घेऊन तिथवर जायचं, सराईत मुक्काम करायचा, आपला पुकारा होईपर्यंत थांबायचं. "सरकारी काम आणि सहा महिने थांब" ही म्हण आपली असली तरी अनुभव त्यांचाही तोच होता. अर्ज मंजूर झाला नाही तर पुढची सभा तीन महिन्यांनी.

अर्जाचा कागद बहुधा एकच पान. डोक्यावर न्यायाधीशांना उद्देशून मायना, खाली "अमुक गावच्या अमुक गरीब जायबंदी सैनिकाचा नम्र अर्ज" अशी ओळ. मग एकच लांबलचक वाक्य चालू होतं: कोणत्या कॅप्टनच्या हाताखाली होतो, कोणत्या लढाईत होतो, गोळी कुठे लागली, डॉक्टरला किती पैसे गेले, बायको आहे, पोरं लहान आहेत, पूर्वी विणकाम किंवा शेतमजुरी करत होतो ती आता होत नाही. शेवटी विनंती, आणि "आपल्या कल्याणासाठी सदैव प्रार्थना करीन" असं आश्वासन. कागदाच्या तळाशी किंवा समासात वेगळ्या, घाईच्या अक्षरात हुकूम: इतके शिलिंग द्यावेत. कधी "एकरकमी दहा शिलिंग द्या आणि विषय संपवा" अशा अर्थाचा, कधी "जागा रिकामी झाल्यावर बघू".

जागा रिकामी होणं म्हणजे आधीचा पेन्शनर मरणं. अर्जदार कधी स्वतःच सांगत, की अमुक माणूस नुकताच वारला, त्याची पेन्शन मला द्यावी. आज वाचताना हे कानाला खटकतं, पण पैशाची थैली तेवढीच असेल तर दुसरं काय मागणार?

सैनिकांना लिहिता येत होतं का?

बहुतेकांना नाही. अर्ज लिहायचा एखादा कारकून, मास्तर, पाद्री किंवा न्यायसभेच्या दारात बसणारा लेखनिक. वेल्समधल्या डेनबीशायरचे अर्ज तर इंग्रजीत आहेत, जरी तिथल्या सामान्य माणसाच्या तोंडी वेल्श भाषाच होती.

म्हणून हे अर्ज म्हणजे सैनिकाचं आत्मचरित्र समजून वाचू नयेत, असं माझं मत आहे. लेखनिकाला न्यायाधीशांना काय ऐकायला आवडतं ते पाठ होतं, आणि त्या साच्यात माणूस बसवला जाई. पण साच्यातही एखादा तपशील असा येतो की तो लेखनिकाच्या डोक्यातून निघालेला नसावा: अंगात राहिलेली गोळी थंडीत ठणकते, रात्री कुशीवर वळता येत नाही. तिथे थांबावं.

सोबत कोणती कागदपत्रं लागत?

मुख्य म्हणजे दाखला. आपल्या कॅप्टनने किंवा वरच्या अधिकाऱ्याने सहीशिक्क्याने लिहून द्यायचं, की हा माणूस माझ्या तुकडीत होता आणि लढतानाच जखमी झाला. कॅप्टन मेला असेल, परागंदा झाला असेल किंवा आता दुसऱ्याच बाजूला गेला असेल, तर घोडं पेंड खायचं. मग दुसरा अधिकारी शोधा, नाहीतर पाद्री आणि गावातली पाच-दहा वजनदार माणसं यांच्या सह्या गोळा करा. अर्जदार कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, पूर्वी कोणाच्या दारात गेला नाही, हे त्यांनी सांगायचं. थोडक्यात, लढाईत एक पाय गेला आहे एवढं पुरेसं नव्हतं. गावात तुमची पत असायला हवी होती.

कोणती दुखापत धरली जात असे?

कसोटी अवयवाची नव्हती, कामाची होती. स्वतःच्या कष्टावर पोट भरता येतं का, एवढाच प्रश्न. त्यामुळे अर्जात "आता मजुरी होत नाही" हे वाक्य हटकून सापडतं. बंदुकीच्या गोळ्या, तलवारीचे वार, दारूच्या स्फोटात भाजलेले चेहरे, गेलेले डोळे, हे सगळं येतं. हात-पाय कापलेल्यांची संख्या मात्र आपल्याला वाटते त्यापेक्षा कमी दिसते. कारण उघड आहे: शस्त्रक्रियेनंतर तगणारेच कमी. जंतू म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या काळात कापलेली जखम चिघळून माणूस दगावणं रोजचं होतं.

मनाच्या जखमांचं काय, असंही लोक विचारतात. क्वचित कोणी भान हरपल्याचा उल्लेख करतो, आणि तो बहुधा डोक्याला झालेल्या वाराच्या जोडीनेच येतो. डोळ्यांना दाखवता येईल अशी खूण हवी होती.

गृहयुद्ध सुरू झाल्यावर काय बदललं?

प्रमाणच बदललं. एका प्रसिद्ध अंदाजानुसार इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ८५,००० माणसं लढाईत गेली आणि सुमारे १,००,००० युद्धाबरोबर आलेल्या रोगराईत. जखमी त्याहून वेगळे.

पहिली मोठी लढाई एजहिलची, २३ ऑक्टोबर १६४२. ती होताच पार्लमेंटने जाहीर केलं की आमच्या बाजूने लढताना जो जखमी होईल त्याला आणि जो मरेल त्याच्या बायकामुलांना आम्ही सांभाळू. यात भूतदया होती तशी भरतीची गरजही होती. पण शब्द दिला तो अगदीच वाऱ्यावर सोडला नाही. लंडनमधलं सॅव्हॉय हॉस्पिटल १६४४ साली आणि एली हाउस १६४८ साली खास सैनिकांसाठी ताब्यात घेतलं. तिथल्या परिचारिका निवडताना सैनिकांच्या विधवांना आधी घेत, म्हणजे जखमीची सेवा झाली आणि विधवेची चूलही पेटली. काही जखमींना सरकारी खर्चाने बाथ गावच्या गरम झऱ्यांवर उपचाराला पाठवल्याच्याही नोंदी आहेत. १६४७ साली पार्लमेंटने नवा हुकूम काढून पॅरिशची पट्टी वाढवली.

पैसा तरी कुठून पुरणार? फौजेचेच पगार थकलेले. थकबाकीपोटी सैनिकांना रोख्यांचे कागद दिले गेले, आणि हातावर पोट असलेल्या शिपायांनी ते कवडीमोलाने विकले. विकत घेणाऱ्यांत त्यांचेच अधिकारी होते.

विधवांनाही पेन्शन होती का?

एलिझाबेथच्या कायद्यात विधवा नव्हत्याच. सैनिकांच्या विधवा आणि अनाथ मुलांची जबाबदारी देशाची आहे हे पहिल्यांदा मान्य केलं ते १६४२ नंतर पार्लमेंटने. या दृष्टीने राजाची बाजू बरीच मागे होती, हे राजाच्या चाहत्यांना रुचो न रुचो.

विधवांचे अर्ज वाचताना एक गोष्ट लक्षात येते. सैनिक आपल्या जखमा मोजतो, विधवा कर्ज मोजते. नवऱ्याला घोडा घेऊन दिला त्याचं देणं, घरात उतरलेल्या सैन्याने खाल्लेलं धान्य, जळलेलं छप्पर, उरलेली मुलं. नवरा मेला याचा पुरावा देणं तर आणखी कठीण. रणांगणावरचे मृतदेह सरसकट खड्ड्यांत पुरले जात, आणि दफनाची नोंद कोण ठेवणार?

एलिझाबेथ अल्किन हे नाव या संदर्भात माहीत असायला हवं. राजाच्या लोकांनी तिच्या नवऱ्याला फासावर दिलं. तिने पार्लमेंटसाठी हेरगिरी केली आणि पुढे डचांशी झालेल्या युद्धात १६५३ साली हार्विच बंदरात जखमींची सेवा केली. डच कैद्यांचीही केली, त्यात पदरचे पैसे घातले, आणि मग ते परत मिळावेत म्हणून अर्जामागून अर्ज केले.

राजा परत आल्यावर पार्लमेंटच्या सैनिकांचं काय झालं?

मुंडकं उडालेल्या राजाचा मुलगा दुसरा चार्ल्स १६६० साली गादीवर आला आणि पारडं फिरलं. लंडनची दोन्ही हॉस्पिटलं बंद झाली, काउंट्यांच्या याद्यांतून पार्लमेंटच्या शिपायांची नावं कमी केली गेली. १६६२ साली नवा कायदा आला तो फक्त राजाशी आणि त्याच्या वडिलांशी निष्ठेने लढलेल्यांसाठी.

जखम तीच, पाय तोच गेलेला, गावही तेच. दहा वर्षं पेन्शन खाणारा माणूस एका रात्रीत बंडखोर ठरला, आणि त्याच पट्टीच्या पैशातून आता त्याच्यावर गोळी झाडणाऱ्या शेजाऱ्याला पेन्शन सुरू झाली. अर्जांची भाषाही फिरली. पूर्वी पार्लमेंटच्या सत्कार्यासाठी रक्त सांडल्याचं लिहीत, आता "पुण्यस्मृती दिवंगत महाराजांच्या" सेवेचं. दोन्ही बाजूंनी लढलेले कमी नव्हते, कारण पकडलेल्या कैद्यांना आपल्या फौजेत घेणं सर्रास चाले. त्यांनी अर्जात कोणती अर्धी कहाणी सांगितली असेल ते सांगायला नको.

आणि राजाच्या सैनिकांची चंगळ झाली?

छे. कायदा झाला, पण पट्टी पुरेना. राजाच्या हलाखीत गेलेल्या अधिकाऱ्यांसाठी पार्लमेंटने ६०,००० पौंड मंजूर केले, तर दावेदार इतके निघाले की वाट्याला आलेल्या रकमेने अनेकांच्या तोंडाला पानंच पुसली गेली. साध्या शिपायाला पूर्वीसारखंच क्वार्टर सेशन्सचे खेटे घालणं आलं.

लोक खोटे अर्ज करत नसत का?

करत. बनावट दाखल्यांबद्दलची शिक्षा १५९३ पासून कायद्यातच आहे, म्हणजे धंदा चालू होताच. पेन्शन मिळूनही जो भीक मागताना सापडेल त्याची पेन्शन बंद, वर भटक्या-भिकाऱ्याची शिक्षा. दोन पौंडांत वर्ष काढा आणि हातही पसरू नका, असा तो न्याय! खोटे किती होते याची चर्चा न्यायाधीशांना फार प्रिय होती. मला स्वतःला ती पट्टी वाचवण्याची सबब जास्त वाटते.

खलाशांची वेगळी सोय होती का?

होती, आणि ती एका परीने जास्त सरळ होती. १५९०च्या सुमारास चॅटहॅमला एक निधी उभा राहिला. प्रत्येक खलाशाच्या महिन्याच्या पगारातून ६ पेन्स कापायचे, ते एका पेटीत ठेवायचे आणि जखमी खलाशांना द्यायचे. हात किंवा पाय गेला तर किती, याचा दर ठरलेला असे. निधीचं नावच "चॅटहॅमची पेटी". पुढे वापरात आलेल्या लोखंडी पेटीला पाच कुलपं होती आणि किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे, म्हणजे एकट्याने कोणी हात मारू नये. तरी हात मारले गेलेच. १६६२ साली चौकशी बसली आणि नौदलाच्या कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्स याच्या रोजनिशीतही या पेटीतल्या गैरकारभाराचा विषय येतो.

इतर देशांत काय चाललं होतं?

स्पेनमध्ये थेट राजाकडे अर्ज करायची पद्धत होती. सगळ्यात प्रसिद्ध अर्जदार म्हणजे मिगेल दे सर्व्हान्तेस. १५७१ साली लेपांतोच्या आरमारी लढाईत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. १५९० साली त्याने आपली सेवा सांगून अमेरिकेतल्या स्पॅनिश वसाहतींत एखादी जागा मागितली. उत्तर आलं की इथेच काहीतरी बघावं. त्याची "डॉन किहोटे" ही कादंबरी त्यानंतर पंधरा वर्षांनी छापून आली.

फ्रान्समध्ये जायबंदी शिपायांना मठांच्या गळ्यात मारायचे. मठवाल्यांना ते नको, शिपायांना घंटा आणि प्रार्थना नको. शेवटी चौदाव्या लुईने १६७० साली पॅरिसमध्ये ओतेल दे इन्व्हालिद हे जायबंदी शिपायांचं आश्रयस्थान बांधायचा हुकूम काढला आणि १६७४ पासून तिथे माणसं राहू लागली. ते पाहून इंग्लंडच्या राजालाही स्फूर्ती झाली. डब्लिनजवळ किलमेनहॅम, मग लंडनला चेल्सी. चेल्सीची पायाभरणी १६८२ साली, आराखडा क्रिस्टोफर रेनचा, पेन्शनर राहायला आले ते १६९२ साली. राजाची मैत्रीण नेल ग्विन हिने हट्ट धरला म्हणून ते बांधलं, ही गोष्ट लंडनमध्ये आवडीने सांगतात, पण तिला पुरावा नाही. खर्चाचा मोठा वाटा सैनिकांच्याच पगारातून कापून घेतला गेला, याला मात्र आहे.

विल्यम हायसलंड नावाचा चेल्सीचा एक पेन्शनर वयाच्या ११२व्या वर्षी वारला आणि तो एजहिलला लढला होता, असं त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे. शंभरी उलटल्यावर लग्न केल्याचंही. वयाबद्दल ज्याने त्याने ठरवावं.

त्याच काळात मराठ्यांकडे काय पद्धत होती?

तारखा जुळतात म्हणून हा प्रश्न हमखास येतो. अफझलखानाचा पाडाव १६५९ सालचा, म्हणजे इंग्लंडमध्ये राजा परत येण्याच्या एकच वर्ष आधीचा. कृष्णाजी अनंत सभासदाने बखरीत नोंदवलंय की त्या लढाईनंतर शिवाजी महाराजांनी जखमींना जखम पाहून २५ ते २०० होन दिले, पडलेल्यांच्या मुलांना सांभाळलं, आणि ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन चालू केलं. बखर पुढे राजाराम महाराजांच्या वेळी जिंजीला लिहिली गेली, तेव्हा आकडे जसेच्या तसे धरायचे का यावर वाद घालता येईल. पेशवाईत पडलेल्या माणसाच्या घरच्यांना बाळपरवेशी लावून दिल्याच्या नोंदी तर दप्तरांत आहेत.

फरक सांगायचा तर आपल्याकडे देणारा हात राजाचा किंवा सरदाराचा, तिथे पॅरिशच्या करदात्यांचा. कोणाचं चांगलं, हे ठरवायला दोन्हीकडची पुरेशी कागदपत्रं शेजारी ठेवून कोणीतरी बसायला हवं. अभिमानाने उत्तर देऊ नये.

हे अर्ज आज वाचायला मिळतात का?

मिळतात. मूळ कागद इंग्लंड-वेल्समधल्या काउंट्यांच्या अभिलेखागारांत आहेत, आणि तिथल्या विद्यापीठांनी एकत्र येऊन गृहयुद्धातल्या सैनिकांचे व विधवांचे हजारो अर्ज छायाचित्रं आणि लिप्यंतरासह इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. स्पेलिंगने घाबरू नका. एकच माणूस आपलं नाव एकाच पानावर दोन प्रकारे लिहिलेलं चालवून घेई, त्यामुळे शोधताना नावापेक्षा गावावरून शोधलेलं बरं. तारखांच्या बाबतीत सावध राहा. त्या काळी इंग्लंडचं वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी, फेब्रुवारी किंवा मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांतल्या कागदावर १६४८ लिहिलं असेल तर ते आपल्या हिशेबाने १६४९ धरायचं.